परतीचं बिझनेस क्लास: अमेरिकेहून पहिल्यांदाच आडवं होऊन घरी येणाऱ्यांसाठी

मुलाकडे पाच-साडेपाच महिने झाले, की शेवटच्या पंधरवड्यात घरात वजनकाटा फिरायला लागतो. आधी माणूस नुसताच काट्यावर, मग बॅग उचलून माणूस काट्यावर, आणि मग वहीत वजाबाकी. आमच्याकडे हे खातं ह्यांच्याकडे. मागच्या खेपेला हे असेच वही घेऊन बसले होते, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, जाताना तुम्ही दोघं बिझनेसने जा. गुडघे बघा जरा स्वतःचे." ह्यांनी विचारलं, "किती पडतात?" आकडा ऐकला आणि दोन दिवस तो विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना स्वतःच म्हणाले, "एकाच बाजूचं घेता येतं का रे?"

येतं. आणि एकाच बाजूचं घ्यायचं असेल तर परतीचंच घ्या, हे माझं ठाम मत आहे. जाताना आपल्याला नातवंडांची ओढ असते, पलीकडे मुलगा गाडी घेऊन उभा असतो, उतरल्यावर आयतं ताट मिळतं. येताना सहा महिने बंद असलेलं घर वाट बघत असतं: धूळ, बंद पडलेला फ्रिज, टाकीतलं शिळं पाणी आणि दूधवाल्याला फोन. शिवाय घड्याळ उलटंपालटं झालेलं असतं. सॅन फ्रान्सिस्को आणि मुंबईत उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, हिवाळ्यात साडेतेरा. दिवसाची सरळ रात्रच होते. अशा वेळी विकत घेण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे झोप. बाकीचं सगळं, म्हणजे काचेचे ग्लास, गरम टॉवेल आणि पाच पदार्थांचं जेवण, ही वरची कोशिंबीर. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलं आहे.

पहिलं काम: कोणता वर्ग ते समजून घ्या

"प्रीमियम" म्हटलं की पुष्कळांना बिझनेस क्लासच वाटतो. तसं नाही. प्रीमियम इकॉनॉमी हा मधला वर्ग. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर साधारण ३१-३२ इंच असतं, प्रीमियम इकॉनॉमीत ३८ इंचांच्या आसपास. सीट जरा रुंद, पाठ जास्त मागे जाते, पोटऱ्यांना टेकू असतो. पण आडवं होता येत नाही. आपल्याकडच्या स्लीपर बसऐवजी पुशबॅक बस घेतल्यासारखं समजा. लाउंजही (विमानतळावरची बसायची, खाण्यापिण्याची वेगळी खोली) सहसा मिळत नाही.

बिझनेसमध्ये लांब पल्ल्याच्या विमानात सीटचा सपाट पलंग होतो. मात्र इथेही पोटभेद आहेत. काही कंपन्या बिझनेसचंच स्वस्त तिकीट "लाइट" किंवा "स्पेशल" अशा नावाने विकतात. पलंग तोच, पण लाउंज आणि आधी सीट निवडायची सोय त्यात नसते. आपल्याला पलंगच हवा असेल तर ते तिकीट वाईट नाही. फक्त लाउंजच्या दारात जाऊन अपमान नको, म्हणून आधी वाचून ठेवायचं.

गुडघे, कंबर बरी असतील आणि बजेट ताणायचं नसेल तर प्रीमियम इकॉनॉमी घ्या. पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल, पाय सुजत असतील, किंवा बसल्या जागी डोळाच लागत नसेल, तर प्रीमियम इकॉनॉमीत पैसे घालून अर्धवट समाधान घेऊ नका. एक तर इकॉनॉमी, नाहीतर सरळ पलंग.

तिकिटाच्या वाटा

सगळ्यात सोपी वाट म्हणजे तिकीट काढतानाच जाणं इकॉनॉमी आणि येणं बिझनेस असं मागायचं. विमान कंपनीच्या साइटवर दोन्ही बाजूंचा वर्ग वेगळा निवडता येतो की नाही ते बघा. नाहीच जमलं तर कंपनीला किंवा एजंटला फोन करा.

दुसरी वाट माइल्सची, म्हणजे विमान कंपनीकडे साचणाऱ्या आणि तिकिटासाठी वापरता येणाऱ्या पॉइंटांची. मुलं कामानिमित्त फिरत असतात, क्रेडिट कार्डवर त्यांचे पॉइंट साचलेले असतात. त्यांना विचारायला लाजू नका. अमेरिकेतली बरीच कार्डं आपले पॉइंट विमान कंपन्यांच्या माइल्समध्ये वळवू देतात. अशी तिकिटं मोजकीच सुटतात, म्हणून परतीची तारीख दोन-चार दिवस इकडेतिकडे करायची तयारी लागते. आपण निवृत्त माणसं, ही तयारी आपल्याकडे भरपूर.

तिसरी वाट बोलीची. तिकीट इकॉनॉमीचं असलं तरी प्रवासाआधी बऱ्याच कंपन्या ईमेल पाठवतात: वरच्या वर्गासाठी तुम्ही किती द्याल, सांगा. पडद्यावर एक पट्टी असते, ती सरकवून आकडा ठरवायचा. इथे तीन गोष्टींत माणूस फसतो. बोली दर माणशी आणि दर टप्प्याची असते, म्हणजे दोघांची आणि दोन विमानांची मिळून चौपट होते. बोली लागली की पैसे परत मिळत नाहीत. आणि बॅगेची मर्यादा बहुतेक वेळा मूळ इकॉनॉमी तिकिटाचीच राहते. "आता आपण बिझनेसवाले" म्हणून ३२ किलोची बॅग घेऊन गेलात तर काउंटरवर उघडून बसावं लागेल.

चौथी वाट म्हणजे चेक-इन काउंटरवर विचारणं. "फुकट वर टाकतात का?" हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आहे. आम्हाला तरी कुणी टाकलं नाही. पैसे भरून मिळू शकतं, कधीकधी बोलीपेक्षा स्वस्तही. पण त्या भरवशावर गुडघे ठेवू नयेत.

आता माझी आवडती युक्ती. अमेरिकेहून मुंबईला एक थांबा घेऊन येत असाल तर पहिला टप्पा पंधरा-सोळा तासांचा असतो, दुसरा (दोहा किंवा दुबईहून) तीन-साडेतीन तासांचा. त्या दुसऱ्या टप्प्यात उड्डाण, जेवण आणि उतरणं यातच वेळ जातो, झोप होत नाही. म्हणून पैसे लांबच्या टप्प्यावर घाला, छोटा टप्पा इकॉनॉमीत काढा. तोटा इतकाच, की मधल्या विमानतळावर लाउंज बहुधा पुढच्या विमानाच्या वर्गावर ठरतं, तेव्हा तिथे बाकावर बसावं लागेल. बॅगेची मर्यादा कोणत्या वर्गाची धरली आहे तेही तिकिटावर वाचा.

पैसे भरताना मुलाच्या कार्डाने भरले असतील तर त्याची नोंद जवळ ठेवा, काही कंपन्या चेक-इनला विचारतात. आपलंच कार्ड वापरायचं असेल तर ते परदेशी व्यवहारांसाठी चालू आहे का बघा, आणि ओटीपी येणारं भारतातलं सिमही चालू ठेवा. आमच्या पहिल्या बोलीचा ओटीपी रात्री अकराला नाशिकच्या बंद घरातल्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या सिमवर गेला.

युरोपमार्गे येणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही संक्रमण व्हिसा लागतो का, ते तपासा. अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर पुष्कळ ठिकाणी सूट मिळते. पण मुक्कामात तो संपला असेल तर नियम बदलू शकतात. हे तिकीट काढण्याआधी बघायचं, काढल्यावर नाही.

सीट कुठली घ्यायची

बिझनेस म्हटलं तरी प्रत्येक विमानात आखणी वेगळी असते. १-२-१ अशी रांग (दोन्ही खिडक्यांशी एकेक सीट, मधे दोन) असेल तर प्रत्येकाला थेट बोळात उतरता येतं. २-२-२ किंवा २-३-२ असेल तर खिडकीतल्या माणसाला रात्री उठायचं झालं की शेजाऱ्याच्या पलंगावरून पाय टाकावा लागतो. आपल्या वयात रात्री उठणं ठरलेलं. तेव्हा तिकिटाआधी त्या विमानाचा आराखडा बघा, मुलं दोन मिनिटांत काढून देतात.

नवरा-बायको असाल तर मधल्या दोन सीट घ्या. कतार एअरवेजने २०१७ मध्ये क्यूस्वीट नावाची बिझनेसची सीट आणली, त्यात मधल्या काही जोड्यांमधली भिंत खाली जाऊन डबल बेड होतो. प्रत्येक विमानात तो नसतो, आणि सगळ्या मधल्या सीटची जोडी होते असंही नाही. एकटे असाल तर खिडकी.

आणखी एक बारकावा: पलंग झाला की पाय पुढच्या सीटच्या खालच्या कपाटासारख्या खोबणीत जातात. ही खोबण काही विमानांत अगदी चिंचोळी असते. कुशीवर झोपणाऱ्याचे गुडघे अडकतात. विभागातली सगळ्यात पुढची रांग घेतली तर तिथे सहसा जास्त मोकळी जागा मिळते. मात्र बाळाचा पाळणा लावायची जागाही तिथेच असते, हे लक्षात ठेवा. स्वयंपाकघर आणि टॉयलेटच्या लगतची रांग टाळा. दिवा आणि भांड्यांचा आवाज रात्रभर.

जेवण: हिंदू मीलच्या भानगडीत पडू नका

शाकाहारी मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. विमानात खास जेवणाला चार अक्षरी कोड असतात. "हिंदू मील" म्हणजे एचएनएमएल, आणि ते मांसाहारी असतं! गोमांस मात्र नसतं. चिंचेच्या कोळात कोंबडी बघून माझ्या ओळखीतल्या एक बाई पंधरा तास बिस्किटांवर आल्या. आपल्याकडचं मसालेदार शाकाहारी हवं असेल तर एव्हीएमएल मागायचं. जैन जेवण व्हीजेएमएल. मधुमेहींसाठी डीबीएमएल. व्हीजीएमएल मागितलंत तर दूध-दही-तूप काही नाही, चहाही कोरा.

हे निदान चोवीस तास आधी नोंदवावं लागतं, काही ठिकाणी त्याहून आधी. बोलीने किंवा काउंटरवर वर्ग बदलला तर जेवणाची आणि सीटची नोंद उडू शकते, पुन्हा तपासा. आणि बिझनेसमध्ये मेन्यू कार्डातच शाकाहारी पदार्थ असतात, तेव्हा खास जेवण न मागताही चालतं. अंडं आणि मांसाच्या सुपाचा रस्सा तेवढा विचारून घ्यायचा.

निघण्याआधीचा आठवडा

आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या नोंदीची तारीख बघा. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्कामाची मुदत या नोंदीवर असते, पर्यटकांना साधारण सहा महिने. परतीचं तिकीट त्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीचं असावं, म्हणजे आजारपण आलं किंवा विमान रद्द झालं तरी धडधड होत नाही. अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. "शिक्का राहिला की काय" म्हणून घाबरू नका, नोंद आपोआप होते.

बॅगा. अमेरिकेच्या मार्गावर इकॉनॉमीत बहुतेक कंपन्या माणशी २३ किलोच्या, म्हणजे ५० पौंडांच्या दोन बॅगा देतात. बिझनेसमध्ये ३२ किलोच्या दोन, म्हणजे ७० पौंड. हे वाचल्याबरोबर हे उठले आणि कॉस्टकोत बदाम आणायला निघाले. मी अडवलं. ३२ किलोची बॅग विमानात जाते हो, पण मुंबईच्या पट्ट्यावरून ती उतरवणार कोण? टॅक्सीच्या डिकीत टाकणार कोण? आणि तिसऱ्या मजल्यावर नेणार कोण? मुभा ३२ ची असली तरी २३-२४ वर थांबा.

दागिने. भारतात येताना सोन्यावर जी सवलत मिळते (बायकांना ४० ग्रॅम, पुरुषांना २०), ती वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांसाठी आहे. सहा महिने राहून आलेल्या आजींना ती लागू नाही. आपण इथूनच घालून गेलेल्या पाटल्यांसाठी खरं तर जातानाच मुंबईला कस्टमकडून निर्यात दाखला घ्यायचा असतो. घेतला नसेल तर जुन्या पावत्या आणि फोटो फोनमध्ये असू द्या. दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रोकड असेल तर अमेरिकेतून निघताना सांगावं लागतं. भारतात नोटा पाच हजार डॉलरच्या वर गेल्या तरी.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, मूळ डब्यांत, चिठ्ठीसकट. इन्शुलिन, बीपी किंवा थायरॉईडची गोळी घड्याळावर घेत असाल तर डॉक्टरांना आधीच विचारा की प्रवासाच्या दिवशी कशी घ्यायची. मी कागदाच्या पुड्यांवर "पहिल्या जेवणानंतर", "दोह्याला", "घरी सकाळी" असं लिहिलं. तासांपेक्षा ठिकाणं लक्षात राहतात.

पॉवर बँक हातातच न्यायची, चेक-इन बॅगेत चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची बिनापरवानगी. काही कंपन्यांनी विमानात ती वापरायलाही बंदी केली आहे. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून. सीटलाच चार्जिंग असतं, तिची गरज पडत नाही.

विमानतळावर

तीन तास आधी पोचा. बिझनेसची रांग वेगळी असते. इकॉनॉमीच्या नागमोडी रांगेत सवयीने उभे राहू नका, आम्ही वीस मिनिटं उभे होतो. सुरक्षा तपासणी मात्र सगळ्यांना सारखीच. १०० मिलीच्या वरचं पातळ काही हातात चालत नाही, आणि लोणचं, तूप, चटणी हे सगळं पातळच धरतात. सुनेने दिलेली लिंबाच्या लोणच्याची बाटली तिथे टाकावी लागली की जीव तुटतो. ती आधीच बॅगेत बांधा.

व्हीलचेअर मागावी का? चालताना त्रास होत असेल तर जरूर, ४८ तास आधी. पण नुसतं "इंग्रजी कळत नाही म्हणून" मागत असाल तर बिझनेसच्या तिकिटावर काउंटरला सांगा, रस्ता दाखवायला माणूस मिळतो का विचारा. एकाच विमानाला डझनावारी व्हीलचेअर असतात आणि ढकलणारे थोडे. उतरल्यावर अर्धा-पाऊण तास वाट बघत बसणारे आजी-आजोबा मी दर खेपेला बघते. घेतलीत तर अमेरिकेत टिप देण्याची रीत आहे, पाच डॉलरच्या सुट्या नोटा जवळ ठेवा.

लाउंजमध्ये पोटभर जेवू नका. तिथे दोन गोष्टी करा: शॉवर असेल तर अंघोळ, आणि पाणी पिणं. बस्स.

विमानात: इथे पैसे वसूल होतात किंवा वाया जातात

विमानातल्या हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीवर जसा असतो तसा ठेवलेला असतो. कळसूबाईचं शिखर साधारण ५४०० फुटांवर आहे. म्हणजे पंधरा तास आपण कळसूबाईच्याही वर बसलेले असतो, आणि तेही कमालीच्या कोरड्या हवेत. म्हणून घसा सुकतो, डोकं जड होतं, पाय सुजतात. जिभेलाही मीठ आणि साखर कमी लागते. जेवण अळणी वाटलं तर दोष सगळा आचाऱ्याचा नसतो. मी लिंबाची फोड मागून घेते, आणि मेतकुटाची पुडी पर्समध्ये असतेच.

आता समजा उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोहून विमान संध्याकाळी ५ ला सुटलं. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच. पुष्कळ जण सांगतात, बसल्या बसल्या घड्याळ भारताचं लावा आणि भारताची रात्र पाळा. मला ते पटत नाही. भारतातली रात्र होते तेव्हा तुम्ही दोह्याच्या विमानतळावर बॅग ओढत असता. त्याऐवजी शरीराची नेहमीची रात्र धरा. सहाच्या सुमाराला हलकं जेवा, साडेआठ-नऊला पलंग घाला, पहाटेपर्यंत झोपा. सलग सहा तास मिळाले तर मुंबईत उतरताना पायावर उभं राहता येतं.

आमची गोष्ट सांगते. ह्यांनी मेन्यू कार्ड चष्मा लावून वाचलं आणि ठरवलं की एवढे पैसे दिलेत तर एकही पदार्थ सोडायचा नाही. सूप, सॅलड, मुख्य जेवण, चीज, गोड. मग एक सिनेमा. मग दुसरा. मधे आइस्क्रीम. पहाटे मी उठले तेव्हा हे ताठ बसलेल्या सीटवर मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपले होते, हेडफोन कानातच. पलंग केलाच नव्हता! बटण सापडलं नाही म्हणे, आणि विचारायचा संकोच वाटला. ह्यांचं जेवण वसूल झालं. मुंबईत टॅक्सीच्या ड्रायव्हरने ह्यांना बघून विचारलं, "काका, बरं नाही का?"

म्हणून आधी बटणं शिकून घ्या. सीटच्या हातावर तीन चित्रं असतात: ताठ बसलेला माणूस, रेललेला माणूस, आडवा माणूस. उड्डाण आणि उतरताना पहिलंच चालतं. आडव्याचं बटण सीट पूर्ण सपाट होईपर्यंत दाबून धरायचं, मधे सोडलं तर तिथेच थांबते. काही विमानांत सीट सरकत नाही, पाठच पुढे उलटून पलंग करावा लागतो. ते कर्मचाऱ्यांनाच करू द्या.

पलंग घालून द्यायला सांगा. गादी, चादर, पांघरूण ते आणतात, तुम्ही टॉयलेटला जाऊन येईपर्यंत तयार. काही कंपन्या लांबच्या रात्रीसाठी पायजमा-शर्टही देतात, तो घाला. साडीवर किंवा पँटवर झोपायचा हट्ट नको. मी पहिल्यांदा स्वतःच गादीशी झटापट करत होते. हवाईसुंदरी धावत आली, "मॅम, प्लीज!" उतरायच्या आधीही सवयीने पांघरुणाची चौघडी घालून, उशी वर ठेवून मोकळी झाले. ती पोरगी हसून म्हणाली, तिची आजीपण असंच करते. आपल्या पिढीला कुणाकडून काम करून घ्यायचा संकोच असतो. इथे तो बाजूला ठेवा. आणि टिप द्यायची नसते.

झोपण्याआधी दोन वाक्यं सांगून ठेवायची: "प्लीज डोन्ट वेक मी फॉर फूड. आय विल ईट लेटर." काही कंपन्यांत बिझनेसचं जेवण मागाल तेव्हा मिळतं, तिथे तर काहीच अडचण नाही. सीट बेल्ट पांघरुणाच्या वरून लावा. आत लावलात तर हादरे सुरू झाले की बेल्ट तपासायला तुम्हाला उठवतील.

दारू घेत असाल तर एक ग्लास पुरे, आणि झोपेच्या गोळीबरोबर अजिबात नाही. दर दोन तासांनी, म्हणजे जागे असाल तेव्हा, बोळातून एक चक्कर मारा. घोटे गोल फिरवा, टाचा वर-खाली करा. पलंगावर झोपलात तरी पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका शून्य होत नाही. आधी कधी त्रास झाला असेल तर पायमोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारूनच निघा. टॉयलेटला फुकटच्या मोज्यांवर जाऊ नका, तिथली ओल पाण्याचीच असते असं नाही. चपला घाला.

मधला थांबा

पुन्हा सुरक्षा तपासणी होते, पाण्याची बाटली रिकामी करून ठेवा. बॅगा थेट मुंबईपर्यंत टॅग झाल्यात का, ते सॅन फ्रान्सिस्कोलाच पावतीवर बघायचं: बॉम्बेची बीओएम ही तीन अक्षरं हवीत. दोह्याच्या हमद विमानतळावर मधोमध सात मीटर उंचीचं पिवळं अस्वल बसलेलं आहे. चुकामूक झाली तर तिथे भेटायचं, हा आमचा ठराव. फोटो काढायला तिथे कायम गर्दी असते, पण अस्वल हलत नाही.

मुंबईत उतरल्यावर

भारतीय पासपोर्ट असेल तर आगमनाचा फॉर्म भरावा लागत नाही. जानेवारी २०२५ पासून मुंबईतही फास्ट ट्रॅक इमिग्रेशन सुरू आहे. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डवाल्यांसाठी (म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी), विनाशुल्क. आधी ऑनलाइन नोंदणी करून बोटांचे ठसे द्यावे लागतात, मग स्वयंचलित फाटकातून जाता येतं. दरवर्षी जाणाऱ्यांनी हे करून टाकावंच. पहाटे तीनला टर्मिनल २ वरची रांग बघितलीत की पटेल.

कस्टम: २०१६ च्या नियमांत परदेशातून आणलेल्या वस्तूंची करमाफ मर्यादा ५०,००० रुपये होती. सध्याची मर्यादा निघण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या साइटवर बघा. दारू दोन लिटर. सपाट पडद्याचा टीव्ही या सवलतीत बसत नाही, "तिकडे सेल होता" हे कारण चालत नाही.

बॅगांना "प्रायॉरिटी" चा टॅग लागलेला असतो, त्या आधी याव्यात अशी अपेक्षा. येतातच असं नाही. महत्त्वाचं हे, की पट्ट्याजवळच प्रत्येक बॅग चारी बाजूंनी बघायची. एका जुन्या प्रवासात (कंपनीचं नाव घेत नाही) आमच्या बॅगेचं चाक आणि हँडल दोन्ही तुटलं होतं. आम्ही झोपेत तशीच ओढत बाहेर आलो. एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही. बॅग मोडली किंवा आलीच नाही, तर तिथल्या काउंटरवर तक्रार लिहून तिचा नंबर घ्यायचा. मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिरा आलेल्या बॅगेची ती हातात पडल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. हा आंतरराष्ट्रीय करार आहे, कंपनीची मेहेरबानी नव्हे. आम्ही दहाव्या दिवशी लिहिलं. उत्तर तुम्ही ओळखलंच असेल.

गाडी आधीच ठरवलेली असू द्या. भाच्याला किंवा जावयाला पहाटे बोलावू नका, अर्धवट झोपेतला नातेवाईक घाटात नको. आम्ही नाशिकची टॅक्सी सांगतो, आणि बसल्यावर ड्रायव्हरला पहिला प्रश्न: "झोप झालीय का रे बाबा?" नाही म्हणाला तर चहा आधी. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून कसारा घाट टाळून इगतपुरीपर्यंत येता येतं, तेवढी कंबर वाचते.

पहिले तीन दिवस

सकाळी घरी पोचलात तर दोन तासांचा गजर लावून झोपा. गजर वाजला की उठा, उन्हात जा. दुपारी चारला डोळे मिटायला लागतात, तेव्हा सोफ्यावर बसू नका. रात्री नऊपर्यंत कसंही करून ताणायचं. पहिल्या दोन रात्री दोन-अडीचला टक्क जाग येणार, आणि भूकही लागणार, कारण पोट अजून कॅलिफोर्नियात असतं. शेजारणीला आधीच सांगून दूध आणि ब्रेड आणवून ठेवा. चिवडा असेल तर उत्तम.

बोर्डिंग पास लगेच फेकू नका. माइल्स खात्यात जमा झाले का ते दोन-तीन आठवड्यांनी बघा. नसतील तर तेच पास लागतात. ह्यांचे आले, माझे आले नव्हते. तिकिटावर माझं नाव पासपोर्टप्रमाणे होतं आणि माइल्सच्या खात्यात माहेरचं आडनाव.